नसलेला अंगठा

"मामा, आता पंजा वर घे."

"कुठला?"

"नसलेला."

मामी पोळ्या करता करता दारात आली, माझ्याकडे बघितलं, काही न बोलता परत आत गेली. रविवारची सकाळ, डोंबिवलीतला मामाचा हॉल. मामा सोफ्यावर, त्याचा डुप्लिकेट पाय (शब्द त्याचाच आहे, उजवा ओरिजिनल आणि डावा डुप्लिकेट) टीव्हीच्या टेबलाला टेकून उभा, आणि डावा पाय जिथे संपतो तो गुडघ्याखालचा वीतभर भाग प्लास्टिकच्या स्टुलावर, खाली उशी. त्यावर मी दोन जागी केस काढून, स्पिरिटने पुसून, ईसीजीला लावतात तसले चिकट इलेक्ट्रोड लावलेले. एक जोडी पुढे नडगीच्या बाहेरच्या अंगाला, एक जोडी मागे पोटरीचं जे काही उरलंय त्याच्यावर, आणि एक एकटा गुडघ्याच्या वाटीवर. वायरी स्नायूंतली वीज मोजणाऱ्या माझ्या छोट्याशा बोर्डात, बोर्डातून लॅपटॉपमध्ये, लॅपटॉपवर दोन रेषा, वरची निळी पुढच्या स्नायूची आणि खालची लाल मागच्या.

पहिल्यांदा लावलं तेव्हा दोन्ही रेषा नुसत्या जाड होऊन थरथरत बसल्या, एकसारख्या, म्हणजे ते मामाचं काही नव्हतंच, ती घरातली वीज, ५० हर्ट्झ, भिंतीतनं सगळीकडे घुमत असते ती. चार्जर काढला (तो काढायलाच पाहिजे, माणसाच्या अंगाला वायरी लावल्या की लॅपटॉप बॅटरीवरच, ह्यात शहाणपणा करायचा नाही), रेषा जरा बारीक झाल्या. पंखा बंद केला, अजून बारीक. मामा म्हणाला पंखा बंद केलास तर घाम येणार आणि घाम आला की तुझे स्टिकर सुटणार. दहा मिनिटांत हा माणूस ह्या सगळ्या क्षेत्राच्या मुख्य दुखण्यापर्यंत पोचला होता पण तेव्हा मी घाईत होते.

तर पंजा वर घे म्हटलं. मामाने डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या, आणि निळी रेषा फस्सकन फुगली.

"सोड."

बसली.

"परत."

परत फुगली. मी इलेक्ट्रोडच्या बाजूला बोट ठेवलेलं, बोटाखाली ते मांस घट्ट होताना कळत होतं, कोणीतरी आतनं मूठ आवळल्यासारखं. मामाने डोळे उघडून स्क्रीनकडे बघितलं, मग स्टुलाकडे, मग परत स्क्रीनकडे.

"हे मी केलं?"

"तूच."

"पण तिथे आहे काय करायला?"

ह्याच्यावर माझ्याकडे उत्तर होतं, इंजिनिअरचं उत्तर, पण तोंडातून निघालं नाही लगेच.

---

मामाचा पाय गेला १९९८ च्या पावसाळ्यात. रूळ ओलांडताना. चूक कोणाची वगैरे प्रश्नच नाही, तो स्वतःच सांगतो, ब्रिज होता, पण घाई होती. ह्या पट्ट्यात राहणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीत असा एक माणूस असतो. पुढे एका शिबिरात त्याला जयपूर फूट मिळाला आणि तेव्हापासून दर काही वर्षांनी नवा बसवून तो त्याच पायावर उभा आहे, उभा म्हणजे खरंच उभा, कारण त्याची पिठाची गिरणी आहे आणि गिरणीवाला बसून काम करत नाही.

जयपूर फूटबद्दल आपल्याकडे लोकांना वाटतं स्वस्तातला गरिबांचा पाय. मलाही वाटायचं. पण १९६८ साली जयपूरला रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉ. पी. के. सेठी ह्यांनी तो केला तेव्हा मुद्दा नुसता पैशाचा नव्हता. बाहेरून यायचे ते पाय बूट घालूनच चालायचे असे होते, आणि आपला माणूस घरात बूट घालत नाही, देवळात घालत नाही, शेतात चिखलात घालत नाही, खाली मांडी घालतो, उकिडवा बसतो. म्हणून हा रबराचा, पायाच्या रंगाचा, अनवाणी चालणारा, भिजला तरी चालणारा. नंतर त्याची सॉकेट (उरलेला पाय ज्यात बसतो ती वाटी) आणि नळी एचडीपीई पाइपापासून करायला लागले, म्हणजे पाण्याच्या लाइनला वापरतात तेच मटेरियल, तापवून साच्यावर ओढायचं. त्यात मोटर नाही, सेन्सर नाही, बॅटरी नाही. मामाच्या गिरणीत दिवसभर पीठ उडतं, पावसात पाणी शिरतं, आणि तो पाय आपला उभा.

मी पुण्यात पंपांच्या मोटर कंट्रोलचे बोर्ड करते. पायांशी काही संबंध नाही. पण कॉलेजात असताना शिकागोची ती बातमी वाचलेली आणि डोक्यातून कधी गेली नाही, आणि मामा डोळ्यासमोर होताच.

बातमी अशी. झॅक व्हॉटर, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातला सॉफ्टवेअरवाला, २००९ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात उजवा पाय गेला. ४ नोव्हेंबर २०१२ ला तो शिकागोच्या विलिस टॉवरचे १०३ मजले जिने चढून गेला, मोटरच्या पायावर. पाय बनवलेला व्हँडरबिल्ट विद्यापीठात, आणि त्याला चालवणारं डोकं, म्हणजे कंट्रोल, शिकागोच्या रिहॅबिलिटेशन इन्स्टिट्यूटमध्ये. गुडघ्यात मोटर, घोट्यात मोटर. आणि मजेची गोष्ट म्हणजे जिना आला हे त्या पायाला कळण्यासाठी कुठलं बटण नव्हतं, रिमोट नव्हता, मांडीच्या स्नायूंतनं येणारे सिग्नल ओळखून तो स्वतः चाल बदलत होता.

त्यात अजून एक करामत होती. घोटा हलवणारे स्नायू असतात गुडघ्याच्या खाली, ते तर त्याच्याकडे नव्हतेच. पण मेंदूपासून त्या स्नायूंकडे जाणाऱ्या नसा शाबूत होत्या, कापलेल्या टोकाशी संपत होत्या, एखाद्या पाडलेल्या बिल्डिंगच्या पत्त्यावर पोस्टमन रोज पत्र घेऊन जावा तशा. सर्जननी त्या नसांची टोकं मांडीच्या मागच्या स्नायूंना जोडली. काही महिन्यांनी नसा तिथे रुजतात, आणि मग माणसाने नसलेला घोटा हलवायचं मनात आणलं की मांडीतला तो तुकडा आखडतो. ही पद्धत टॉड कुइकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी हातासाठी काढली, २००० च्या दशकाच्या सुरुवातीला. मग ती पायाकडे आली.

मामाला एवढं सगळं लागत नाही, कारण त्याचा पाय गुडघ्याखाली गेलाय आणि घोट्याचे स्नायू अर्धे का होईना पण अजून जागेवर आहेत. म्हणून तर निळी रेषा उठली.

---

हे सिग्नल म्हणजे नेमकं काय ते एकदा सांगून टाकते, कारण "विचारांवर चालणारा पाय" असले मथळे वाचून माझं डोकं फिरतं. विचारांवर कोणी चालत नाही. तुम्ही किचनमधून हॉलमध्ये आलात तेव्हा पायाचा विचार केला होता का? विचार करून चालायला लागलं तर माणूस उंबऱ्यातच अडखळेल.

मेंदूकडून, खरं तर मणक्याकडूनसुद्धा, नसेतून निरोप आला की स्नायूच्या तंतूंवरून विजेची एक बारीक लाट धावते. कातडीपर्यंत येईतो ती एवढीशी उरते, काही मायक्रोव्होल्टपासून फार तर एक-दोन मिलिव्होल्ट. घड्याळात टाकतो तो सेल दीड व्होल्टचा, त्याच्या हजाराव्या भागाइतकी झाली तर झाली. एका तंतूची नाही ऐकू येत, शेकडो तंतूंचा एकत्र गलका ऐकू येतो, लग्नाच्या हॉलबाहेर उभं राहून आतल्या गप्पा ऐकाव्यात तसा, शब्द कळत नाहीत पण गर्दी वाढली, पंगत बसली, एवढं कळतं. ह्याला ईएमजी म्हणतात. आणि ह्याची खरी किंमत पुढच्या गोष्टीत आहे, की ही वीज आधी येते आणि स्नायूची ताकद नंतर लागते. फरक सेकंदाच्या काही शतांशांचा, पण मशीनसाठी तेवढा वेळ म्हणजे पुष्कळ. पाय हलायच्या आधी पाय हलणार आहे हे कळतं.

मग सोपंय की, मामा म्हणाला. वीज आली की मोटर चालू.

हातासाठी असंच आहे साधारण. स्नायूच्या सिग्नलवर मिटणारा आणि उघडणारा हात सोव्हिएत युनियनमध्ये १९६० च्या सुमारालाच केला होता, आणि नंतर असे हात बाजारातही आले. पाय मात्र रखडला. का, तर मी मामाला समजवायला सुरुवात केली आणि त्यानेच वाक्य पूर्ण केलं, "हात चुकला तर चहा सांडेल, पाय चुकला तर मी सांडेन."

अगदी हेच. म्हणून आजही बहुतेक मोटरचे पाय स्नायूंचं ऐकतच नाहीत. ते स्वतःचंच ऐकतात. गुडघा किती वाकलाय, टाचेवर वजन आलंय का, नळी किती कललीये, हे सेन्सर सेकंदाला शेकडो वेळा बघतात आणि त्यावरून अंदाज बांधतात की आता टाच टेकली, आता वजन पुढे गेलं, आता ढकलायची वेळ. सपाट रस्त्यावर हे मस्त चालतं, कारण चालणं हे एकसुरी काम आहे, एक पाऊल बघितलं की पुढचं सांगता येतं. घोळ होतो तो बदलाच्या पावलावर. सपाटीवरून जिना, जिन्यावरून सपाटी, उतार. पायाला जिना दिसत नाही. जिन्याची पहिली पायरी लागल्यावर कळून काय उपयोग, तोपर्यंत पाऊल हवेत आहे आणि गुडघा चुकीचा वाकलाय. इथे स्नायू कामाला येतो, कारण माणसाला जिना दिसलेला असतो आणि त्याच्या मांडीने तयारी आधीच सुरू केलेली असते.

शिकागोच्याच लोकांनी २०१५ मध्ये मांडीतून पाय गेलेल्या सात जणांवर हे मोजलं. नुसत्या सेन्सरवर पायाचा अंदाज १४.१ टक्के वेळा चुकत होता, स्नायूंचा सिग्नल आणि आधीच्या पावलांची माहिती जोडली तर ७.९ टक्के. सगळ्या चुकांनी माणूस पडत नाही, बऱ्याचशा तर त्याला जाणवतही नाहीत. मी हे मामाला कौतुकाने सांगितलं, जवळजवळ अर्ध्यावर आणलं म्हणून. मामा गिऱ्हाइकाच्या हिशेबाने ऐकत होता. म्हणाला, "म्हणजे शंभरातली आठ दळणं बिघडली. आणि ह्याला तू चांगलं म्हणतेस."

मी गप्प. मग तो म्हणाला, "आणि तो टॉवरवाला? तो पाय त्याने घरी नेला?"

"नाही. परत दिला. रिसर्चचा होता, लॅबमध्येच राहिला, तो आपला रोजचा पाय लावून घरी गेला."

"म्हणजे ट्रायल रूममधला शर्ट."

---

मग मी म्हटलं आता उलटं कर, पंजा खाली दाब, शिलाई मशीनचा पायटा दाबतात तसा. माझ्या डोक्यात चित्र स्वच्छ होतं, आता लाल रेषा फुगणार, निळी शांत बसणार, मी फोनवर व्हिडिओ घेणार आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकणार.

दोन्ही फुगल्या.

परत केलं. दोन्ही. मी इलेक्ट्रोड काढून जागा बदलली, नवीन लावले, वायरी अदलाबदल करून बघितल्या, मामाला म्हटलं हळू कर, म्हटलं फक्त टाच मनात आण, पुढचं सोडून दे. मामा घामाघूम झाला. पंखा लावला, रेषा जाड झाल्या, पंखा बंद केला. दोन्हीच. मामा वैतागून म्हणाला की अगं मला काय माहीत खाली कसं जायचं, तो अंगठा तर आत वळलेलाच आहे, सत्तावीस वर्षं तसाच आहे.

हे मला माहीत नव्हतं. मामीलाही नव्हतं, तिने आतून "काय?" विचारलं. मामा म्हणाला काही नाही. म्हणजे डावा अंगठा, जो आता कुठेच नाहीये, तो मामाला कायम वळलेला जाणवतो, चप्पल घट्ट पकडल्यासारखा. दुखत नाही म्हणाला, म्हणजे रोज नाही. असं अनेकांना होतं हे मी वाचलं होतं, पण वाचलेलं वेगळं आणि ज्याच्या मांडीवर बसून आपण लहानपणी पिठाच्या गोण्या मोजल्या त्या माणसाने सोफ्यावर बसून सांगितलेलं वेगळं.

दोन्ही रेषा का फुगतात ह्याचं उत्तर मला रात्री गाडीत सुचलं, आणि ते नवीन नव्हतंच, मीच वाचलेलं होतं, पण मशीनवर बघेपर्यंत कळलं नव्हतं. आपल्या पायात पुढचा स्नायू आणि पोटरी हे रस्सीखेच खेळतात. पुढच्याने ओढलं की पंजा वर येतो आणि पोटरी ताणली जाते. ताणल्याची खबर पोटरीतून मेंदूला जाते, आखडल्याची पुढच्याकडून जाते, ह्या दोन खबरांच्या फरकावरून डोळे मिटूनसुद्धा आपल्याला कळतं की पंजा कुठे आहे. पाय कापतात तेव्हा ही रस्सी तुटते. सर्जन स्नायूंची टोकं हाडाला किंवा एकमेकांना घट्ट शिवून गादी करतात, म्हणजे दोन्ही संघ आपापल्या खांबाला बांधून ठेवले. ओढा किती ओढायचं तेवढं, काही हलत नाही. आणि काही हलत नाही म्हणून मेंदूला काही खबर येत नाही, आणि खबर येत नाही म्हणून तो बिचारा दोघांनाही एकदमच ओरडतो.

म्हणजे सिग्नल वाचण्यात प्रॉब्लेम नाहीचे. माझा बोर्ड बरोबर होता. परत काही येत नाही, हा प्रॉब्लेम आहे.

एमआयटीच्या ह्यू हर ह्यांनी ह्या रस्सीवरच काम केलं. हा माणूस स्वतः गिर्यारोहक, १९८२ च्या जानेवारीत सतरा वर्षांचा असताना माउंट वॉशिंग्टनवर बर्फाच्या वादळात अडकला, हिमदंशाने दोन्ही पाय गुडघ्याखाली गेले. त्यांच्या गटाने आणि बॉस्टनच्या सर्जननी पाय कापायचीच पद्धत बदलली. पुढच्या स्नायूचं टोक आणि मागच्याचं टोक एकमेकांना असं जोडायचं की एकाने ओढलं की दुसरा खरोखर ताणला जावा, हाडावर बसवलेल्या छोट्या कप्पीतून दोरी सरकावी तसं. २०१६ मध्ये पहिल्यांदा केलं, जिम युइंग नावाच्या गिर्यारोहकावर, आणि त्या ऑपरेशनला आता त्याचंच नाव आहे. त्याला मोटरचा घोटा जोडला तेव्हा जिना चढताना तो न सांगता पंजा वर उचलायला लागला. कोणी शिकवलं नव्हतं, कोडमध्ये लिहिलं नव्हतं. आपण सगळे जिन्यावर हेच करतो आणि आपल्याला पत्ता नसतो.

२०२४ च्या जुलैमध्ये त्यांनी मोठा पेपर छापला, सात जण नव्या ऑपरेशनवाले आणि सात जण जुन्या पद्धतीचे, सगळ्यांचे पाय गुडघ्याखाली गेलेले, सगळ्यांना तोच मोटरचा घोटा. आणि ह्यात पायाने स्वतः अंदाज बांधायचा वगैरे नव्हतंच, पूर्ण पावलाभर स्नायू सांगतील तसं. नवे लोक जुन्यांपेक्षा ४१ टक्के जास्त वेगाने चालू शकले. मला मात्र ह्यातला दुसरा आकडा जास्त आवडतो. त्यांच्या स्नायूंतून मेंदूकडे परत जाणारी जी खबर होती ती शाबूत पायाच्या १८ टक्केच होती. रुपयातले अठरा पैसे. तेवढ्यावर मेंदूने बाकीचं जुळवून घेतलं.

हे मी मामाला पुढच्या रविवारी सांगितलं, गिरणीत, घरी नाही. गिरणी चालू होती, गव्हाचं दळण पडत होतं, आणि मामा नेहमीसारखा पीठ पडतं तिथे हात धरून दोन बोटांत चोळत होता. हे तो बोलता बोलता करतो, बघतही नाही. पीठ गरम लागलं की दगड जवळ आलेत, जरा सैल कर. रवाळ लागलं की घट्ट कर. मोटरचा आवाज बसला की वरून दाणे जास्त सुटतायत. टाकी लावायची, म्हणजे दगडाला नव्याने खाचा पाडायची, वेळ झाली हे त्याला पिठाच्या वासावरून कळतं असं तो म्हणतो, त्यावर माझा विश्वास नाही, पण बाकीचं मी डोळ्यांनी बघितलंय. मला कॉलेजात फीडबॅक शिकवायला चार वर्षं आणि बऱ्याच मास्तरांचा घसा गेला.

मी ओरडून म्हटलं (गिरणीत ओरडूनच बोलावं लागतं), "समज, दळण चालू आहे, दगड घट्ट-सैल करायचं चाक तुझ्या हातात आहे, पण पिठाला हात लावायचा नाही, बघायचं नाही, आवाज ऐकायचा नाही. मग?"

"मग दळण जळेल."

"आणि म्हणून तू काय करशील?"

त्याने विचार केला. "चाक धरून बसेन. घट्ट. भीतीने."

दोन्ही रेषा.

मग त्याने विचारलं, "माझं होईल का ते दोरीचं, आता?" एकदम साधेपणाने विचारलं, डबा बांधता बांधता. मी म्हटलं कापतानाच केलं तर सगळ्यात बरं, नंतरही करायच्या पद्धती आहेत, पण... पुढे काही बोलायला सुचेना, सत्तावीस वर्षं झालेली, वय साठीच्या पुढे, डायबेटिस, आणि जखम भरायला लागणारा वेळ. आणि ऑपरेशन केलं तरी मोटरचा घोटा आणायचा कुठून. मामा म्हणाला, "नाही गं, आपलं विचारलं."

---

मला एक सांगायचंय, थोडं विषय सोडून आहे. ह्या सगळ्याचे व्हिडिओ असतात ना, मागे पियानो, स्लो मोशनमध्ये पाऊल, चकचकीत फरशी, त्यांचा मला राग येतो. काम खोटं नाही, काम अफाट आहे. पण फरशी फारच कोरडी आहे. इलेक्ट्रोड सॉकेटच्या आत, कातडीला टेकून असतात. मामाच्या सॉकेटमध्ये जूनमध्ये घाम ओतला तर वाटीभर निघेल. दुपारपर्यंत स्टंप, म्हणजे उरलेला पाय, सुकून बारीक होतो, सॉकेट सैल पडतं, मग मामा मागच्या खोलीत जाऊन अजून एक मोजा चढवतो, रोज दुपारी, न चुकता. म्हणजे सकाळी जो इलेक्ट्रोड पोटरीच्या मधोमध होता तो दुपारी बोटभर सरकलेला, आणि ज्या सिग्नलवर मशीनला शिकवलं तो सिग्नलच राहिला नाही. म्हणून तर आता लोक सेन्सर थेट स्नायूत बसवायला लागलेत, आइसलँडच्या ऑसुर कंपनीने २०१५ मध्ये दोन माणसांवर केलं, आणि एमआयटीवाल्यांनी २०२५ मध्ये गुडघ्याच्या वरून पाय गेलेल्यांसाठी हाडातच दांडा बसवून त्यातून वायरी बाहेर काढल्या, सॉकेटच नाही, घामाचा प्रश्नच नाही. पण हाडातला दांडा कातडीतून बाहेर येतो ती जागा आयुष्यभर जपावी लागते, पिठाच्या गिरणीत ती कशी जपायची कोण जाणे.

आपल्याकडे इस्रोने २०२२ मध्ये मायक्रोप्रोसेसरचा गुडघा दाखवला, १.६ किलोचा, बाहेरच्या गुडघ्यांपेक्षा पुष्कळ स्वस्तात द्यायचा हेतू ठेवून. तो स्नायूंचं ऐकणारा नाही, पण त्याची बातमी मामाने स्वतः कापून ठेवलेली मला सापडली, वहीत, उधारीच्या वहीत. गुडघा त्याचा स्वतःचाच आहे, त्याला त्या बातमीचा काही उपयोग नाही. तरी कापली.

त्याला काय पाहिजे असं मी एकदा सरळ विचारलं. म्हटलं यादी सांग. तर रात्री बाथरूमला जायला डुप्लिकेट चढवायला लागू नये, हे पहिलं. लोकल आणि प्लॅटफॉर्ममधल्या फटीशी, मागून लोंढा ढकलत असताना, पाऊल कुठे पडलं ते कळावं, हे दुसरं. लग्नात पंगतीला बसून उठताना पुतण्यांनी बखोटीला धरू नये, तिसरं. टॉवर चढणं यादीत नव्हतं. दुसऱ्याचं मला विशेष वाटलं, कारण तो पाय हलावा असं म्हणालाच नाही. कळावं म्हणाला.

मी बोर्ड परत पुण्याला आणला. इलेक्ट्रोडचं पाकीट तिथेच राहिलं.

बुधवारी दुपारी मामाचा फोन. मागे गिरणी चालू, मी मीटिंगमधून बाहेर आले, वाटलं काय झालं आता.

"पिंके, ऐक. डबा ओढतो ना मी गिऱ्हाइकाचा, कट्ट्यावरनं स्वतःकडे, तर त्याच्या आधी पोटरी आवळते. डुप्लिकेटची."

"आधी म्हणजे?"

"आधी म्हणजे आधी! हाताच्या आधी. सकाळपासून बघतोय. सॉकेटला आतनं दाबते. आवळते, आणि मग हात ओढतो. उजव्या पायाचीही आवळते, पण उजवा आपला खराच आहे, त्याचं काय."

हे बरोबर आहे. उभ्याने काही स्वतःकडे ओढायचं असेल तर हात ओढायच्या आधी पोटरी आवळते, नाहीतर माणूस पुढे कलंडेल, शाबूत पायांच्या लोकांवर हे केव्हाच मोजून झालंय. मामाच्या पोटरीखाली १९९८ पासून टाच नाही, पंजा नाही, ढकलायला जमीन नाही. मी त्याला ह्यातलं काहीच बोलले नाही. म्हटलं, "सकाळपासून किती वेळा बघितलंस?"

"मोजले नाहीत. वीसेक डबे झाले असतील. प्रत्येक वेळी."

"फक्त ती एकटीच? पुढचा स्नायू नाही?"

तो थांबला. दगडांचा आवाज येत राहिला, मग काहीतरी पत्र्याचं घासल्याचा, म्हणजे त्याने डबा ओढून बघितला असणार.

"एकटीच," म्हणाला. "थांब, गिऱ्हाईक आलंय. तुझं पाकीट इकडेच आहे, येशील तेव्हा ते मशीन घेऊन ये. ठेवतो."